ऊन आत येऊ न देण्याची विद्या : चौलच्या किनाऱ्यावरील साठवण

कुंडलिका नदीच्या मुखाशी, खाडीच्या उत्तर तीरावर वसलेल्या चौलचा इतिहास बहुधा राजवटींच्या अनुक्रमाने सांगितला जातो: इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने उल्लेखिलेले 'सिमुल्ला', दहाव्या शतकाच्या आरंभी अल्-मसूदीने पाहिलेले 'सैमूर', पुढे बहमनी आणि निजामशाही अंमल, 1521 पासून शेजारच्या रेवदंड्यास उभा राहू लागलेला पोर्तुगीज कोट आणि 1740 मध्ये तेथे आलेली मराठ्यांची सत्ता. या क्रमात बंदराच्या जीवनाची एक महत्त्वाची बाजू झाकली जाते, ती म्हणजे माल राखण्याची. पावसाळ्यात समुद्र खवळला की गलबते किनाऱ्याला ओढून शाकारली जात आणि नारळी पौर्णिमेनंतरच पुन्हा पाण्यात उतरत; त्यामुळे घाट उतरून आलेले कापड असो वा परदेशातून आलेला जिन्नस, त्याला चौलात कित्येक आठवडे, कधी महिने, नुसते पडून राहावे लागे. या पडून राहण्याच्या काळात मालाचे दोन शत्रू असत, फाल्गुनापासून वैशाखापर्यंतचे ऊन आणि त्यानंतरची दमट हवा; आणि त्यांच्यापासून माल वाचवण्याच्या ज्या रीती या किनाऱ्यावर घडत गेल्या, त्यांचा विचार आजच्या एका अगदी नव्या वस्तूच्या, म्हणजे उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत राहून गेलेल्या स्मार्टफोनच्या संदर्भातही करता येतो.

माल जहाजावर असतानाच ही काळजी सुरू होई. तेराव्या शतकाच्या अखेरीस होर्मुझच्या जहाजांचे वर्णन करताना मार्को पोलोने नोंदवले आहे की, या जहाजांना वरचा तक्ता नसे, माल भरून झाला की त्यावर कातडी पसरली जात आणि त्या कातड्यांवर हिंदुस्थानात विकावयाचे घोडे उभे केले जात. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी 1469 च्या सुमारास होर्मुझहून निघून चौलला उतरला, तोही अशाच घोड्यांच्या वाहतुकीच्या मार्गाने. त्याने स्वतःचा एक घोडा बरोबर आणला होता आणि तो घेऊन तो पुढे जुन्नरकडे गेला. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे, मात्र त्याच्या प्रवासामागे जी वाहतूक होती तिच्याकडे पाहणाऱ्याचे सहसा लक्ष जात नाही. उघड्या जहाजावर आठवडेच्या आठवडे काढताना जनावरे आणि माल दोन्ही धडधाकट राहणे यावरच त्या व्यापाराचा नफा अवलंबून होता, आणि कातड्याचे ते आच्छादन हा या किनाऱ्याच्या व्यापारातील ऊन-पाणी अडवण्याचा लेखी नोंद असलेला एक जुना उपाय होय.

पोर्तुगीजांनी 1516 मध्ये चौलला वखार घातली. वखार म्हणजे व्यापाऱ्यांच्या प्रतिनिधींनी माल साठवण्याची आणि हिशेब ठेवण्याची जागा. ती पुढे कोटाच्या आश्रयाने वाढली, आणि 1570-71 च्या निजामशाही वेढ्यातूनही हे ठाणे वाचल्यामुळे येथील व्यापार चालू राहिला. सतराव्या शतकाच्या आरंभी आलेल्या पिरार द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशाने चौलच्या रेशमी कापडाची आणि लाख चढवलेल्या पेट्या-संदुकांची वाखाणणी केली आहे. हे दोन्ही जिन्नस उन्हाला नाजूक आहेत, कारण रेशमाचा रंग थेट प्रकाशाने उडतो आणि त्याचा धागाही कमजोर होतो, तर लाख ही कीटकांपासून मिळणारी राळ असल्याने बऱ्याच तापलेल्या पृष्ठभागावर मऊ पडू लागते. उलट, ऊन टाळण्यासाठी सगळी दारे बंद करून माल कोंडावा तर दमट हवेने त्याला बुरशी येते. ऊन अडवायचे पण वारा अडवायचा नाही, हा परस्परविरोध चौलच्या साठवणीच्या मुळाशी आहे, आणि त्याची उत्तम सोडवणूक वखारींपेक्षाही येथील घरांत आणि वाड्यांत दिसते.

वाडी म्हणजे नारळ-पोफळीची बाग. चौल, रेवदंडा, नागाव, आक्षी या गावांची जुनी घरे वाडीच्या पोटात बांधलेली आहेत. नारळीचा शेंडा बराच उंच, पोफळ त्याखाली, केळ आणखी खाली, अशा थरांतून गाळून आलेले ऊन घराच्या छपरावर पडते तेव्हा त्याचा जोर बराच ओसरलेला असतो. त्यानंतरचा थर छपराचा: पूर्वी नारळाच्या झावळ्या विणून केलेले शाकार, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मंगळूरच्या बासेल मिशनने 1865 मध्ये कारखाना काढल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर पसरलेली मंगलोरी कौले. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निसटते. छपराखाली माळा असतो, आणि माळ्यावर साठलेली गरम हवा तेथेच थांबल्याने खालचे माजघर, म्हणजे घराच्या मधली अंधारी खोली, भर दुपारीही सोसवण्याजोगे राहते. पुढच्या आणि मागच्या पडवीमुळे भिंतींवर ऊन पडतच नाही. धान्य, गूळ, लोणची, कागदपत्रे, ठेवणीतली लुगडी यांची जागा ठरलेली असे ती या माजघरात किंवा त्याच्या भिंतीतल्या फडताळात. उन्हे आत येतील अशा ओटीवर ती कधी ठेवली जात नसत.

येथे एका भौतिक कारणाची नोंद घेतली पाहिजे, कारण त्याविना कोकणची रीत देशावरच्या रीतीहून वेगळी का पडली हे कळत नाही. पुणे, वऱ्हाड वा नागपूर या कोरड्या हवेच्या प्रदेशांत वाळ्याचे तट्टे दाराला लावून त्यांवर पाणी शिंपडले जाई. पाण्याचे बाष्पीभवन होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते आणि आत येणारा वारा गार होतो. मातीच्या माठातले पाणी थंड होते तेही याच कारणाने. चौलच्या किनाऱ्यावर हवेत आधीच इतका बाष्पांश असतो की बाष्पीभवन मंद होते आणि ओल्या पडद्याने गारव्याऐवजी कोंदटपणाच वाढतो. म्हणून वस्तू थंड करण्याची वाट येथे फारशी खुली नव्हती, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची बुद्धी वस्तू तापूच नये याकडे वळली. सावली, जाडी आणि वाहता वारा ही त्या बुद्धीची तीन साधने होत, आणि माजघर, पडवी, माळा या रचना म्हणजे त्यांचीच बांधीव रूपे होत.

या साधनांचा एक जिवंत नमुना अलिबाग तालुक्यातील पांढऱ्या कांद्याच्या साठवणीत पाहावयास मिळतो. कार्ले, खंडाळे आणि आसपासच्या गावांत पिकणारा, भौगोलिक मानांकन लाभलेला हा चवीला गोडसर कांदा पातीसकट उपटला जातो. पात सुकत आली की तिची वेणी घालावी तशी गुंफण करून कांद्यांच्या माळा केल्या जातात, आणि या माळा पडवीच्या वाशांना किंवा छपराखालच्या आडव्या बांबूला टांगल्या जातात. टांगलेल्या माळेतील प्रत्येक कांद्याभोवती हवा फिरते, एक कांदा सडला तर तो दिसतो आणि काढून टाकता येतो, जमिनीची ओल त्याला लागत नाही, आणि छपराची सावली असल्याने ऊन थेट पोहोचत नाही. ढीग घालून ठेवलेला तोच कांदा आतून उबतो आणि कुजतो. या टांगणीत ना कोणते यंत्र आहे ना खर्च, आहे ती केवळ उष्णता कोठून येते आणि कोठून जाते याची अचूक जाण.

खिडकीचा विचारही येथेच करावा लागतो. गोव्यातील जुन्या पोर्तुगीजकालीन घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ, चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवलेले आढळतात. त्यांतून येणारा प्रकाश दुधाळ आणि मवाळ असतो, आणि उन्हाची तिरीप आत पडत नाही. स्वच्छ, मोठी, सपाट काच स्वस्त होऊन सर्वत्र पोहोचली ती बरीच नंतर, आणि तिच्याबरोबर ऊन बिनअडथळा आत घेणारी जागा प्रथमच सामान्य माणसाच्या वापरात आली.

तत्पूर्वी या किनाऱ्यावर उष्णतेपासून वस्तू राखण्याचा सर्वांत काटेकोर प्रयोग झाला तो चौलपासून उत्तरेस पंधरा-सतरा किलोमीटरवर, अलिबागच्या भूचुंबकीय वेधशाळेत. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी चालू होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम धावू लागणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या विद्युतप्रवाहाने या नोंदी बिघडतील हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस यांनी नवी जागा शोधली आणि 1904 मध्ये अलिबागला नोंदी सुरू केल्या. दोन्ही ठिकाणच्या नोंदी काही काळ समांतर घेऊन त्यांचा मेळ घातला गेला, आणि 1907 मध्ये ट्राम धावू लागेपर्यंत अलिबागचे काम स्थिरावले होते. इतिहासकार या घटनेत ट्रामची गोष्ट सांगतात, पण इमारतीची गोष्टही तितकीच मोलाची आहे. चुंबकाची शक्ती तापमान वाढले की किंचित घटते. तेव्हा दोऱ्यावर टांगलेला नाजूक चुंबक हलला तो पृथ्वीच्या क्षेत्रामुळे की दुपारच्या उन्हामुळे, हे कळण्यासाठी खोलीचे तापमान दिवसभर शक्य तितके एकसारखे राहणे आवश्यक होते. म्हणून लोहाचा अंश टाळून, पोरबंदरचा दगड वापरून, बाहेरचा चढउतार आत पोहोचू नये अशा बेताने ही वास्तू उभारली गेली. जाड दगड दिवसाची उष्णता सावकाश शोषतो, आणि ती आतल्या पृष्ठभागापर्यंत येण्यापूर्वीच रात्र होऊन उलटा प्रवास सुरू होतो. याला उष्णतेचा विलंब म्हणता येईल. चौलच्या हिंगळाज डोंगरातील लेण्यांत शिरणाऱ्यास जो गारवा जाणवतो त्याचेही कारण हेच. माजघरातील लोणच्याची बरणी आणि मूस यांचा चुंबक एकाच तत्त्वाने राखला गेला, हे ध्यानात घेतले तर या किनाऱ्याच्या लोकरीतीकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

मोटार ही या सर्व परंपरेच्या नेमकी उलट रचना आहे. तिचा पत्रा पातळ, काचा मोठ्या आणि हवा कोंडलेली असते. काचेतून आलेले ऊन डॅशबोर्ड आणि आसने तापवते. त्या तापलेल्या पृष्ठभागांतून निघणारी अवरक्त उष्णता, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे प्रारण, काचेतून सहज बाहेर पडू शकत नाही, आणि तापलेल्या हवेलाही निसटायला कौलांसारखी फट नसते. अमेरिकेत 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बंद मोटारीतील हवा तासाभरात बाहेरच्यापेक्षा सरासरी 22 अंश सेल्सिअसने अधिक तापली, त्यातली सुमारे 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, आणि काचा किंचित खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. ॲरिझोनातील 2018 च्या अभ्यासात तासभर उन्हात राहिलेल्या मोटारींचा डॅशबोर्ड सरासरी 69 अंशांपर्यंत, तर सावलीतल्या मोटारींचा सुमारे 48 अंशांपर्यंत तापलेला आढळला. उन्हातला तो आकडा लाख मऊ पडू लागते त्या तापमानाच्या आसपासचा आहे. चौलच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यातही हवा बहुधा 32-33 अंशांच्या घरात राहते आणि समुद्राचा वारा सुखद वाटतो, त्यामुळे येथे बाहेरच्या हवेवरून मोटारीच्या आतला अंदाज बांधणे विशेष फसवे ठरते.

स्मार्टफोनमध्ये उष्णतेला सर्वाधिक हळवा भाग म्हणजे 1991 पासून बाजारात आलेल्या लिथियम-आयन जातीची बॅटरी. तिच्या दोन विद्युतअग्रांच्या मधला द्रव सेंद्रिय द्रावकाचा असतो. उष्णतेने त्याच्या अनिष्ट रासायनिक क्रिया वेगावतात, लिथियम अडकून पडते, वायू तयार होऊन बॅटरी फुगू शकते, आणि धारणशक्ती कायमची घटते. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ही हानी अधिक होते. ॲपल कंपनी आपल्या फोनच्या वापरासाठी 0 ते 35 अंश आणि बंद स्थितीत ठेवण्यासाठी उणे 20 ते 45 अंश अशी मर्यादा देते. फोनच्या आत तापमापक असतो. मर्यादा ओलांडली की तो पडदा मंद करवतो, भारण थांबवतो आणि अखेर इशारा देऊन यंत्र बंद पाडतो. मात्र बंद पडल्याने तापलेली बॅटरी थंड होत नाही, आणि गाडीत राहिलेला फोन तापतच राहतो.

म्हणून फोन बरोबर नेणे हाच पहिला उपाय. रेवदंड्याच्या कोटात फिरताना किंवा चौलच्या दत्तमंदिराच्या डोंगराची चढण चढताना तो गाडीतच ठेवणे भाग असेल, तर जुन्या घराची रीत गाडीत लागू करता येते. रेवदंड्याचा किनारा पश्चिमाभिमुख आहे, आणि येणारा माणूस समुद्र दिसावा म्हणून गाडीचे तोंड साहजिकच पाण्याकडे करतो. परिणामी दुपारनंतरचे सगळे ऊन पुढच्या काचेतून डॅशबोर्डवर उतरते. गाडी उलट वळवून पाठ समुद्राकडे केली, पुढच्या काचेला आतून परावर्तक पडदा लावला, आणि सावली अकराला कोठे आहे याऐवजी तीनला कोठे सरकेल हे पाहून जागा निवडली, तर अर्धे काम होते. माडाखाली मात्र गाडी लावू नये, कारण पडणारा नारळ काच फोडतो. सुरूच्या बनाची सावली त्यापेक्षा बरी. फोन बंद करून, भारणाची वायर काढून, जाड सुती कापडाच्या घड्यांत गुंडाळून आसनाखाली किंवा डॅशबोर्डच्या बंद कप्प्यात ठेवावा, आणि शेजारी पाण्याची भरलेली बाटली ठेवावी, कारण पाणी बरीच उष्णता स्वतःत सामावून घेते. कापडाने उष्णता थांबत नाही, तिला केवळ विलंब होतो. हा विलंब तासा-दीड तासाच्या फेरीस उपयोगी पडतो, सबंध दिवसासाठी नाही.

परत आल्यावर फोन तापलेला आढळला तर त्याचे वेष्टन काढून तो सावलीत, वाहत्या हवेत आपोआप निवू द्यावा आणि निवेपर्यंत भारणास लावू नये. त्याला शीतकपाटात किंवा बर्फाच्या पेटीत ठेवण्याचा मोह टाळावा, कारण एकदम थंड झालेला फोन चौलच्या दमट हवेत बाहेर काढताच त्याच्यावर, आणि फटींतून आतही, दव धरते.