बंब ते सौर बंब: पिंपरी-चिंचवडच्या अंघोळीच्या पाण्याचा इतिहास

मागच्या वेळी आपण इथल्या कारखान्यांविषयी बोललो. आज कारखान्यात भट्ट्या लावणाऱ्या माणसाच्या घरातल्या भट्टीविषयी बोलू. विलायतेत घर गरम ठेवणं म्हणजे खोली गरम ठेवणं. आपल्याकडे तसं नाही. पुण्यात जानेवारी १९३५ मध्ये पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता, तरी आपण भिंतीत शेकोटी बांधली नाही. आपण गरम केलं ते अंघोळीचं पाणी. म्हणून या पट्ट्यातला घरगुती उष्णतेचा इतिहास न्हाणीघरात शोधावा लागतो.

चिंचवड, भोसरी, आकुर्डी, चाकण ही मुळात गावं. तिथे चुलीच्या वैलावर हंडा ठेवायचा आणि भाकरी होईस्तोवर पाणी तापायचं. वेगळं सरपण लागत नसे. बरी परिस्थिती असलेल्या घरात तांब्याचा बंब असे. पुण्याच्या तांबट आळीत घडवलेले बंब आसपासच्या गावांत जात. बंबाची रचना फार हुशारीची आहे. मधोमध नळकांडं, त्यात जाळ, भोवती पाणी, खाली जाळी आणि राखेची जागा. जाळ चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला, त्यामुळे उष्णता वाया कमी जाते. करवंट्या, गोवऱ्या, मक्याची बुरकुंडं, काहीही चालतं.

त्याच्याही तक्रारी होत्याच. जाळीत राख साठली की हवा मिळेना आणि नुसता धूर. उपाय म्हणजे राख काढणं. तोटी गळली तर तांबटाकडून डाग द्यायचा. पाणी न भरता जाळ केला की झाळ सुटायची, म्हणून घरातली मोठी माणसं आधी पाणी आणि मग काडी हा क्रम पोरांच्या अंगवळणी पाडत. आणि मुख्य म्हणजे बंब परसात किंवा पडवीत असे. धुराने डोळे चुरचुरले की माणूस आपोआप बाहेर सरकायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग काळ बदलला. फाळणीनंतर पिंपरीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आलं. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका. कामगार आला, आणि त्याच्याबरोबर शिफ्ट आली. पहिल्या पाळीला जाणाऱ्याला पहाटे पाचला गरम पाणी हवं, तिसऱ्या पाळीवरून येणाऱ्याला सकाळी आठला. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत बंब कुठे पेटवणार? रॉकेलचा स्टोव्ह आला. वात काजळायची, पंपाच्या स्टोव्हचं बर्नर तुंबायचं, की पिन मारायची. त्यानंतर बादलीत सोडायचा विजेचा रॉड. आजही म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडीच्या भाड्याच्या खोल्यांत हाच रॉड आहे, कारण तो स्वस्त आणि गावी जाताना पिशवीत मावतो. त्याचा धोका सांगायला नको: वीज चालू असताना पाण्यात बोट घालून बघणं. आधी बटण बंद, मग प्लग काढायचा, मग पाण्याला हात. मीटरशेजारी तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर गळतीची वीज क्षणात तुटते. घरमालकांनी ही एक गोष्ट केली तरी पुष्कळ झालं.

साठवणीचा गीझर हा त्यापुढचा टप्पा. योगायोग बघा, ज्या चाकणमध्ये खोलीवरचा कामगार रॉडवर पाणी तापवतो, तिथेच गीझर बनवण्याचा मोठा कारखाना आहे. गीझरची सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे “पूर्वीसारखं तापत नाही” किंवा “आतून कडकड आवाज येतो”. दोष बहुतेक वेळा पाण्याचा असतो. पवनेचं पाणी मृदू. पण वाकड, पुनावळे, रावेत, मोशी, चऱ्होली अशी उपनगरं पाइपलाइनच्या पुढे धावली, आणि २०१९ च्या अखेरीस शहरात दिवसाआड पाणी सुरू झालं. उरलेली गरज बोअर आणि टँकर भागवतात. पिण्याच्या पाण्यात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं भारतीय मानक सांगतं, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. जड पाणी तापलं की चुना सुटतो आणि कॉइलवर थर चढतो. पूर्वी तांब्याच्या हंड्यात बसायचं ते हेच कीटण. हंडा चिंचेने घासता येत होता, गीझर बंद पेटीत आहे, म्हणून आपण विसरतो. उपाय सोपा: थर्मोस्टॅट पन्नास-पंचावन्नवर ठेवावा, वर्षा-दोन वर्षांनी टाकी उघडून कीटण काढावं आणि मॅग्नेशियमची कांडी झिजली असेल तर बदलावी. ती टाकीच्या वाट्याचा गंज स्वतःवर घेते.

आता मघाची धुराची गोष्ट. गॅस गीझर आला तेव्हा लोकांना तो वरदान वाटला: लगेच पाणी, वीजबिल नाही. पण मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणाऱ्या गॅस गीझरला तासाला साधारण बारा घनमीटर हवा लागते. पाच बाय सातच्या न्हाणीघरात सगळी मिळून आठ घनमीटर हवा. खिडकी थंडीमुळे बंद. हवा कमी पडू लागली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्त त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतं. डोकं जड होतं, पाय जातात आणि दाराला आतून कडी. अशा मृत्यूंच्या बातम्या आपण जवळजवळ दर हिवाळ्यात वाचतो. बंबाचा धूर त्रासदायक होता, पण तो माणसाला हुसकावून लावायचा. आपण त्रास काढला आणि त्याबरोबर इशाराही गेला. म्हणून गॅस गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा. आत असेलच तर तो हलवेपर्यंत बादली भरून घ्या, गीझर बंद करा, हवा खेळू द्या आणि मग अंघोळ करा. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली की त्याच दिवशी कारागीर बोलवा.

शेवटी सौर बंब. नाव पाहिलंत? आपल्या भाषेने जुना बंब गच्चीवर नेऊन ठेवला. त्याची तक्रार म्हणजे खालच्या मजल्यावर बराच वेळ गार पाणी येतं. पाऊण इंची पाइपात मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं, म्हणजे चाळीस मीटरला दहा लिटर रोज वाया. पाइपाला आवरण आणि ठरावीक वेळी पाणी फिरवणारा पंप लावला तर हे थांबतं. सोसायटीच्या सभेत हा विषय घ्या, आणि पहिल्या पाळीची वेळ धरून घ्या. पहाटे पाचला उठणारा माणूस सभेला क्वचितच येतो.

घरी गेल्यावर एकच करा. गीझर कुठे बसवला आहे आणि खिडकी उघडते का, एवढं बघा. भाड्याने खोली दिली असेल तर तिथलंही बघा.