ऋषीच्या भाजीतला भोपळा कुठून आला?

पेटची तयारी करणारी मुलं हल्ली एक प्रश्न वारंवार विचारतात. "खाद्यसंस्कृतीवर काम करायचंय, पण साधनं कुठं शोधायची?" यावर दहा पुस्तकांची यादी देता येते, पण यादी वाचून संशोधनप्रश्न तयार होत नाही. म्हणून आज एकच पदार्थ घेऊ आणि त्याचा माग काढू. पदार्थ तुमच्या घरातला आहे, भाद्रपद शुद्ध पंचमीला होणारी ऋषीची भाजी.

ज्यांच्या घरी होत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लाल भोपळा सालीसकट मोठ्या फोडी करून, अळूची पानं आणि सोललेले देठ, लाल माठ, सुरण, पडवळ, दोडका, भेंडी, मक्याच्या कणसाचे तुकडे, असेल तर अंबाडी. हिरवी मिरची, मीठ, चिंचेचा कोळ, शेवटी ओलं खोबरं. मसाला नाही. फोडणी बऱ्याच घरांत नसते, काही ठिकाणी थोडं तूप-जिरं. सगळं एका पातेल्यात मंद आचेवर शिजतं. अळूत आणि सुरणात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यानं घसा खाजतो. म्हणून चिंच हवीच, ती नुसती चवीपुरती नसते. अर्ध्या तासात भोपळा विरघळायला लागतो, पालेभाजी त्यात मिसळते आणि पातळसर, दाट, तांबूस-हिरवं असं काहीतरी तयार होतं. परदेशात थंडीत भोपळा आणि पाला घालून जे पोटभरीचं सूप करतात, त्याची आपली आवृत्ती म्हणायला हरकत नाही. (मात्र सूप या शब्दावरून नातं जोडायला जाऊ नका. संस्कृतातला 'सूप' म्हणजे वरण-आमटीसारखा डाळीचा पदार्थ. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं १८७५ सालचं 'सूपशास्त्र' हे त्या अर्थानं पाकशास्त्राचं पुस्तक आहे. त्यात इंग्रजी सुपाच्या पाककृती शोधू नका.)

आता गंमत बघा. ही भाजी ऋषींची. म्हणजे वनात राहणारे कश्यप, अत्री, भरद्वाज वगैरे जे खात असतील ते, निदान समजूत तशी. पण पातेल्यातले तीन पदार्थ अमेरिका खंडातले आहेत. लाल भोपळा, मका आणि हिरवी मिरची. लाल भोपळ्याचं अख्खं कुळ, वनस्पतिशास्त्रात ज्याला कुकर्बिटा म्हणतात ते, मूळचं तिकडचं. मेक्सिकोतल्या ओआहाका भागात गिला नाकित्झ नावाच्या गुहेत याच कुळातल्या लागवडीखालच्या भोपळ्याच्या बिया मिळाल्या, त्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. कोलंबस तिकडे पोचला १४९२ मध्ये, वास्को द गामा कालिकतला आला १४९८ मध्ये, पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. म्हणजे आपल्या पातेल्यात हे तिघं या तारखांच्या आधी असू शकत नाहीत.

याला इतिहासाच्या पद्धतीत 'याआधी नाही' अशी मर्यादा म्हणू. पदार्थ नेमका कधी आला हे ती सांगत नाही, कधी आलेला नसणार एवढंच सांगते. पण हे 'एवढंच' फार कामाचं असतं. कुणी बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त लाल भोपळ्याची भाजी दाखवली, तर आधी शंका घ्यायची आणि मग मूळ शब्द बघायचा.

आणि शब्द इथेच दगा देतात. जुन्या मराठीत भोपळा आहेच. पण तो दुध्या, म्हणजे तुंब्याचा भाऊबंद. साधूच्या हातातलं तुंबं, तंबोऱ्याचा भोपळा, पोहायला शिकताना पाठीला बांधायचा वाळका भोपळा ही सगळी त्याची कामं. हा भोपळा आशियात प्रागैतिहासिक काळापासून आहे. लाल भोपळा आला तेव्हा त्याला नवं नाव द्यायची गरज पडली नाही, जुन्याच नावाला 'लाल' किंवा 'तांबडा' जोडलं की झालं. संस्कृतातल्या 'कूष्मांड' शब्दाचं तसंच. तो आपला कोहळा, पांढऱ्या राखेसारखा थर असलेला, दारावर टांगतात तो. पण विदर्भात जाऊन कोहळ्याची बोंडं मागा, समोर लाल भोपळ्याची येतील. खानदेशात लाल भोपळ्याला गंगाफळ म्हणतात, आणखी कुठं काशीफळ, कुठं डांगर. आणि पुण्यात डांगर म्हटलं की उडदाच्या पिठाचं कालवलेलं डांगर आठवतं. मुलाखती घेताना नुसतं नाव लिहून घेऊ नका. फळ दाखवायला सांगा, फोटो काढा, बी कसं आहे ते बघा.

शास्त्रीय नावं तरी भरवशाची असतील असं वाटतं ना? तिथं तर मोठा खड्डा आहे. लिनियसनं १७५३ मध्ये दुध्याला कुकर्बिटा लॅजेनॅरिया असं नाव दिलं होतं. आज आपण ज्याला लॅजेनॅरिया म्हणतो तोच हा. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या कोशात किंवा गॅझेटिअरमध्ये नुसतं 'कुकर्बिटा' दिसलं म्हणून लाल भोपळा सापडला असं लिहून मोकळं व्हायचं नाही. मोल्सवर्थच्या कोशाची १८३१ची आणि १८५७ची आवृत्ती शेजारी ठेवून भोपळ्याशी संबंधित सगळ्या नोंदी वाचणं हा चांगला सराव आहे. एक दुपार जाते, पण आपण कुठं कुठं घसरू शकतो ते कळतं.

मोठी नावंही घसरली आहेत. लागवडीच्या वनस्पतींच्या उगमावर ज्यांचं पुस्तक पुढची कित्येक दशकं प्रमाण मानलं गेलं, त्या आल्फाँस द कांदोल यांनी १८८०च्या दशकात मोठ्या लाल भोपळ्याची एक जात आफ्रिकेतली ठरवली होती. पुढं विसाव्या शतकात हे मत मागं पडलं. मक्याची कथा तर आपल्या शेजारची. कर्नाटकातल्या सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातल्या होयसळ मंदिरात मूर्तींच्या हातात कणसासारखी वस्तू आहे. १९८९ मध्ये योहानसेन आणि पार्कर यांनी ती मक्याची कणसं आहेत, म्हणजे कोलंबसाआधीच मका भारतात होता, असं मांडलं. १९९३ मध्ये पायक आणि सचान या भारतीय मका-तज्ज्ञांनी त्याच नियतकालिकात ते खोडून काढलं. दोन्ही लेख ओळीनं वाचा. आकार सारखा दिसणं आणि वस्तू तीच असणं यात किती अंतर आहे, हे मला कुठल्याही पद्धतीशास्त्राच्या तासापेक्षा तिथं जास्त कळलं. शिवाय पुण्यात असाल तर भांडारकर संस्थेत जाऊन प. कृ. गोडे यांचे निबंध काढा. ते संस्थेचे क्युरेटर होते, आणि जिलबीसारख्या पदार्थाचा इतिहास हस्तलिखितांतून कसा लावायचा हे त्यांनी १९४०च्या दशकातच दाखवलं आहे.

इथपर्यंत आलं की बरेच जण थांबतात आणि ब्लॉगवर लिहितात, "तुमची प्राचीन भाजी मुळात अमेरिकन!" टाळ्या मिळतात. मला हा निष्कर्ष आळशी वाटतो. उपासाच्या ताटातली साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणा ही मंडळी परदेशी आहेत हे एव्हाना व्हॉट्सॲपवरही फिरून झालंय. संशोधनाचा प्रश्न त्याच्या पुढं आहे. इतकी सोवळ्याओवळ्याची शिस्त असलेल्या व्रतानं परक्या भाजीला आत घेतलं कसं? कुठल्या दारानं?

दार सापडतं ते व्रताच्या नियमात. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. गहू, ज्वारी, तांदूळ, तूर सगळं बंद. परसात, कुंपणाकडेला, हातानं लावलेलं किंवा आपोआप उगवलेलं तेवढं चालतं. या नियमाचं मूळ जुनं आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाला नांगरलेल्या जमिनीतलं खायला मनाई आहे, आणि न नांगरता पिकणाऱ्याला संस्कृतात 'अकृष्टपच्य' असा खास शब्दच आहे. नीवार, म्हणजे आपोआप उगवणारा रानभात, हे ऋषींचं धान्य त्यातूनच आलं. थोडक्यात, गृहस्थाश्रमातल्या बाईनं एक दिवस वनातल्या माणसाचा आहार घ्यायचा.

आता हा नियम भोपळ्याला लावून बघा. नियम विचारतो, कसं पिकवलंस? कुठून आलास हे तो विचारतच नाही. उकिरड्याशेजारी बी टोचलं की वेल मांडवावर, छपरावर चढतो. त्याला नांगर लागत नाही, बैल लागत नाही. कोवळी पानं आणि फुलंही भाजीला येतात. पिकलेलं फळ माळ्यावर महिनोन् महिने टिकतं. शेजारीच अळू आणि माठ वाढतो. परसातल्या चार मक्याच्या ताटांचं आणि मिरचीच्या रोपाचं तेच. तिघंही परीक्षेला बसले आणि पास झाले. परंपरा फसली किंवा बाटली असं काही घडलेलं नाही, तिच्या निकषावर ते खरोखर बसत होते. माझा मुद्दा एवढाच आहे, पण तो मान्य केला की 'अस्सल की नक्कल' हा वाद बाजूला पडतो आणि निकष कुणी, कशासाठी ठरवला हा प्रश्न पुढं येतो.

तो प्रश्न सुखाचा नाही. ऋषिपंचमीची कहाणी तुम्ही ऐकली असेल. विटाळाच्या दिवसांत घरात शिवाशिव केली म्हणून बाई पुढच्या जन्मी कुत्री होते आणि नवरा बैल. दोघं मुलाच्याच घरी. श्राद्धाच्या दिवशी सापानं गरळ टाकलेल्या खिरीला कुत्री तोंड लावून सगळ्यांना वाचवते आणि मार खाते, बैल दिवसभर राबून उपाशी राहतो. रात्री दोघं एकमेकांना दुःख सांगतात, ते मुलगा ऐकतो आणि व्रत करतो. बैलाच्या कष्टाचं का खायचं नाही याचं लोकांना पटणारं उत्तर या कहाणीत आहे, तो बैल बाप आहे. पण त्याच कहाणीत पाळीला पाप ठरवलेलं आहे, आणि प्रायश्चित्त बायकांनीच करायचं आहे. खाद्यसंस्कृतीवरच्या गोड लेखांत भाजीची कृती राहते आणि हा भाग गाळला जातो. प्रबंधात असं चालणार नाही. बैलाला त्या दिवशी सुट्टी मिळते. निवडणं, चिरणं, सोलणं हे हाताचं काम मात्र कुणाकडे जातं, तेही लिहावं लागेल.

श्रमाचा हा धागा जगात इतरत्रही भोपळ्याच्या पातेल्यात सापडतो. हैतीत १ जानेवारीला भोपळ्याचं 'सूप जुमू' करतात, त्यात कोबीचा पालाही असतो. गुलाम ते मालकांसाठी रांधत, त्यांना स्वतःला खायची मुभा नव्हती. १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला आणि तेव्हापासून सगळे ते खातात. २०२१ मध्ये युनेस्कोनं त्याला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तुलना करायचीच तर पाककृतीची करू नका. कुणाचे कष्ट मोजले जातात आणि कुणाचे नाही, ही तुलना करा.

आणि म्हणून क्षेत्रकामाला गुलटेकडीचं मार्केट यार्ड. परसच नाही अशा शहरात ऋषीची भाजी इथूनच येते. सोमवारच्या वर्तमानपत्रात रविवारच्या आवकेची बातमी असते, तांबडा भोपळा इतके टेम्पो, कोथिंबीर इतक्या जुड्या. या बातम्या वर्षानुवर्षं साठत गेलेलं उत्तम साधन आहे, फारसं कुणी वापरत नाही. वापरताना एककं जपा. फळभाजीचे भाव वजनावर निघतात, पालेभाजीचे शेकडा जुडीवर, आणि जुडीचा आकार हंगामाप्रमाणे बदलतो. पातेल्यात एक होणाऱ्या भोपळ्याचा आणि माठाचा इथं विभागही वेगळा आणि हिशेबही. भोपळ्याची पोती पाठीवर वाहणाऱ्यांची संघटना, बाबा आढावांची हमाल पंचायत, इथलीच. तिनं सुरू केलेल्या स्वस्त जेवणाच्या केंद्रांचं नाव 'कष्टाची भाकर'. बैलाच्या कष्टाचं न खाण्याचं सामान माणसाच्या पाठीवरून येतं, ही नोंद क्षेत्रवहीत पहिल्याच पानावर हवी.

यार्डात ऐकायला मिळणारं एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलंय. हा भोपळा नांगरलेल्या शेतातलाच ना, असं विचारलं की उत्तर येतं, "अहो ताई, आता बैल राहिलेत कुठं? सगळं ट्रॅक्टरचं. बिनधास्त न्या." थट्टा आहे, पण त्यात दोन नियम वेगळे होताना दिसतात. पोथीचा नियम नांगराचा आहे, त्यात ट्रॅक्टरच्या फाळाचाही भोपळा बसत नाही. लोकांचा नियम बैलाचा आहे, त्यात आज भोपळाच काय, गहूसुद्धा बसेल. शेकडो वर्षं नांगर आणि बैल एकत्रच चालले, म्हणून दोन नियमांतला फरक कधी दिसला नाही. तरीही घरोघरी त्या दिवशी गहू वर्ज्यच राहिलाय आणि भोपळा चालतोय. म्हणजे आज नियम पाळला जात नाहीये, नियमातून एकदा तयार झालेली यादी पाळली जातेय. हे नेमकं कुठल्या पिढीत घडलं, ते सत्तरीपुढच्या बायकांना विचारून अजून कळू शकतं. विचारताना "काय चालतं" असं विचारू नका, पाठ केलेली यादी मिळेल. "तुमच्या सासूबाईंनी कुठली भाजी परत पाठवली होती" असं विचारा.