काँक्रीटच्या भिंती आणि घरातील उष्मा : सुरतेच्या निमित्ताने

सूर्य मावळून तीन तास उलटले तरी वरच्या मजल्यावरील पश्चिमेची भिंत हाताला गरम लागते, हा अनुभव काँक्रीटच्या इमारतीत राहणाऱ्या कोणालाही नवा नाही. सुरतेत तो अधिक बोचतो, कारण या शहरात दिवसा झोपणाऱ्यांची संख्या मोठी आहे. यंत्रमाग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. रात्रपाळी संपवून परतलेला कामगार भर उन्हात अंथरुणावर पडतो, आणि नेमकी त्याच वेळी त्याच्या उशाची भिंत तापत असते. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्यासाठी घरातील तापमान हा झोपेचा, आणि पर्यायाने रोजगाराचा प्रश्न आहे.

जुन्या सुरतेची घरे वेगळी होती. अरुंद दर्शनी भाग, लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची सामाईक भिंत आणि लाकडी सांगाडा. उन्हाला तोंड देणारा भाग म्हणजे रस्त्याकडची एक बाजू आणि छप्पर, इतकाच. त्यानंतर काँक्रीटचे खांब-तुळया व मध्ये विटांच्या भिंती आल्या. आता मोठ्या गृहप्रकल्पांत अ‍ॅल्युमिनियमचे फर्मे लावून भिंत आणि स्लॅब एकाच वेळी ओतण्याची पद्धत रुळली आहे. बांधकाम व्यवसायात तिला ‘मायवान’ या नावाने ओळखतात. विटा रचण्याचे काम नाही, जाड गिलाव्याची गरज नाही, आणि साधारण आठवड्याला एक मजला उभा राहतो. केंद्र सरकारच्या ‘लाइट हाऊस’ प्रकल्पांपैकी राजकोट येथील 1,144 घरांचा प्रकल्प याच कुळातील ‘टनेल फॉर्मवर्क’ तंत्राने बांधला गेला. 1 जानेवारी 2021 रोजी त्याची पायाभरणी झाली आणि ऑक्टोबर 2022 मध्ये त्याचे लोकार्पण झाले.

वेगाच्या जोडीला बळकटीचाही मुद्दा आहे. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपाचे केंद्र कच्छमध्ये असले तरी सुरतेतही इमारती कोसळून माणसे दगावली होती. नीट सळया घालून सलग ओतलेली काँक्रीटची भिंत असा हादरा विटांच्या भिंतीपेक्षा चांगला सोसते. तेव्हा ही पद्धत मागे जाईल असे मानण्याचे कारण नाही. प्रश्न तिच्या एका गुणधर्माचा आहे : काँक्रीट उष्णतेला फारसे अडवत नाही.

भिंतीचे गणित

भिंतीतून उष्णता किती सहज आत येते, हे ‘यू-मूल्य’ या संख्येने मोजतात. भिंतीच्या दोन बाजूंच्या तापमानात 1 अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता वाहते, ती ही संख्या. जितकी लहान, तितकी भिंत चांगली. 150 मिलिमीटर जाडीच्या साध्या काँक्रीट भिंतीचे यू-मूल्य गिलावा धरून सुमारे 3.4 भरते. नऊ इंची विटांच्या भिंतीचे साधारण 2, तर 200 मिलिमीटरच्या एएसी ठोकळ्यांच्या भिंतीचे 0.8 च्या आसपास. म्हणजे आधुनिक आणि महाग समजली जाणारी काँक्रीटची भिंत उष्णता अडवण्यात विटांच्या भिंतीपेक्षाही कमी पडते.

आता याच काँक्रीटवर बाहेरून 50 मिलिमीटर जाडीचा, दाणेदार थर्माकोलचा थर बसवला, तर यू-मूल्य 0.6 च्या खाली येते. दहा चौरस मीटरची भिंत घ्या. तिचा बाहेरचा पृष्ठभाग आणि खोली यांत 15 अंशांचा फरक आहे असे धरा. उघड्या काँक्रीटमधून सुमारे 500 वॅट उष्णता आत येईल, थर असलेल्या भिंतीतून 90 वॅटहूनही कमी. थर्माकोलमध्ये बंदिस्त असलेली हवा हे काम करते. काँक्रीटच्या तुलनेत त्याची उष्णतावहनक्षमता चाळीसपटींनी कमी आहे, त्यामुळे काँक्रीटची जाडी वाढवून हा फायदा मिळवायचा म्हटले तर भिंत दोन मीटरची करावी लागेल.

उष्णतारोधक काँक्रीट भिंतीचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यात थर्माकोलचे पोकळ ठोकळे एकावर एक रचून मधल्या पोकळीत सळया बांधतात आणि काँक्रीट ओततात. फर्मा काढायचा नसतो, तोच रोधक थर म्हणून राहतो. 1960 च्या दशकात कॅनडातील कंत्राटदार वर्नर ग्रेगोरी यांनी या कल्पनेला आकार दिला, आणि थंडीच्या देशांत ती रुजली. दुसऱ्यात मधोमध थर्माकोलचा पत्रा, त्याच्या दोन्ही बाजूंना तारेची जाळी आणि त्यावर यंत्राने फवारलेले काँक्रीट असते. तिसरा प्रकार सर्वांत साधा : नेहमीसारखी काँक्रीटची भिंत ओतायची आणि बाहेरून रोधक थर चिकटवून, खिळवून, जाळीसह गिलावा करायचा. यांशिवाय कारखान्यात तयार केलेल्या, आत हलक्या काँक्रीटचा गर असलेल्या पट्ट्याही वापरल्या जातात. इंदूरच्या ‘लाइट हाऊस’ प्रकल्पातील 1,024 घरे अशा पट्ट्यांची आहेत.

थर भिंतीच्या कोणत्या बाजूला, याला आपल्या हवामानात महत्त्व आहे. काँक्रीट उष्णता साठवून ठेवते. थर बाहेर असेल तर ते वस्तुमान उन्हापासून सुरक्षित राहते, रात्रीच्या वाऱ्याने गार होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खोलीला साथ देते. थर आतून असेल तर खोली वातानुकूलन यंत्राने लवकर गार होते, पण यंत्र बंद करताच तो गारवा फार टिकत नाही. ज्यांच्याकडे पंखाच आहे, त्यांनी बाहेरचाच थर निवडावा. ग्रेगोरी यांच्या पद्धतीत दोन्ही बाजूंना थर येतो, म्हणून ती सतत वातानुकूलित घरांना अधिक मानवते.

खिडकी विसरली की

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ डिसेंबर 2018 मध्ये जाहीर केली. छत वगळता घराच्या बाह्य आवरणातून सरासरी किती उष्णता आत येते, याचे एक सूत्र तिच्यात आहे, आणि मर्यादा 15 वॅट प्रति चौरस मीटर अशी आहे. सूत्राचे तीन भाग : भिंतीतून होणारे वहन, काचेतून होणारे वहन, आणि काचेतून थेट शिरणारे ऊन.

गोव्यासारख्या उष्ण-दमट प्रदेशासाठीचे गुणांक घेऊन, दिशांचा फरक बाजूला ठेवून एक साधे उदाहरण सोडवता येते. दर्शनी भागाचा 15 टक्के हिस्सा साध्या काचेच्या खिडक्यांचा आहे असे समजू. उघड्या काँक्रीटच्या घराचा आकडा सुमारे 24 येतो. मर्यादेच्या बराच वर. विटांचे घर 18 च्या जवळ राहते. बाहेरून थर दिलेल्या काँक्रीटचे घर साडेअकरापर्यंत उतरते आणि सहज उत्तीर्ण होते. इथपर्यंत सारे अपेक्षित आहे. परंतु या साडेअकरापैकी जवळपास आठ वॅट एकट्या उन्हाचे, काचेतून आलेले असतात. भिंतीवर आणखी कितीही जाड थर चढवला तरी त्यांना धक्का लागत नाही.

हेच उदाहरण छज्ज्यासह पुन्हा मांडले की चित्र पालटते. नीट आखलेल्या छज्ज्याने किंवा बाहेरच्या झडपांनी ते ऊन निम्मे अडवले, तर विटांचे घरही 14 वर येऊन मर्यादेत बसते. उघड्या काँक्रीटचे घर मात्र छज्ज्यासह 20 च्या आसपासच राहते. सारांश असा की विटांच्या घराला सावली पुरते. ओतीव काँक्रीटच्या घराला सावलीही लागते आणि थरही. सुरतेच्या नव्या इमारतींत सज्जे काचेच्या सरकत्या तावदानांनी बंद करून खोली वाढवण्याची जी हौस दिसते (पणजी-मडगावही तिला अपवाद नाहीत), ती या हिशेबात सर्वांत महाग पडते. सज्जा ही सावली होती. तावदान लावताच तो उन्हाचा सापळा होतो.

छताचा हिशेब संहितेत वेगळा आहे : यू-मूल्य 1.2 पेक्षा अधिक नको. उघड्या स्लॅबचे मूल्य याच्या दुपटीहून अधिक भरते. गुजरातमध्ये गच्चीवर चिनी मातीच्या पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवण्याची चाल आहे. ते ऊन परतवतात. सुरतेत हवामान बदलाशी जुळवून घेण्याच्या एका आंतरराष्ट्रीय उपक्रमातून थंड छप्पर व नैसर्गिक वायुवीजनाचे प्रयोगही झाले आहेत. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर भिंतीआधी गच्चीवर घालावेत.

थराची जोखीम

थर्माकोल जळतो, ही बाब विक्रेते सहसा पहिल्या वाक्यात सांगत नाहीत. सुमारे 100 अंशांना तो मऊ पडू लागतो आणि पेटला तर दाट काळा धूर सोडतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला 2017 मध्ये लागलेल्या आगीत 72 जणांचा बळी गेला. बाहेरून नंतर बसवलेल्या ज्वलनशील आवरणामुळे ती आग मजल्यामागून मजला चढत गेली. सुरतेला या विषयाची वेगळी ओळख आहे. 24 मे 2019 रोजी सरथाणा येथील तक्षशिला संकुलात लागलेल्या आगीत गच्चीवरील अनधिकृत बांधकामात शिकवणीला बसलेले 22 विद्यार्थी दगावले. तेथील प्रश्न रोधक भिंतींचा नव्हता. तरीही इमारतीला ज्वलनशील वस्तू जोडताना वाटेचा आणि धुराचा विचार किती आधी करावा लागतो, हे त्या शहराला कोणी शिकवण्याची आवश्यकता उरली नाही. रोधक थर घ्यायचा तर ज्वालारोधी प्रतीचाच घ्यावा, तो काँक्रीट वा जाड गिलाव्याने पूर्ण झाकलेला असावा, आणि उंच इमारतीत ठरावीक अंतरावर खनिज लोकरीचे पट्टे घालून आगीची वाट तोडलेली असावी.

गोव्यासाठी आणखी दोन अडचणी आहेत. सुरतेच्या अडीचपट पाऊस येथे पडतो. बाहेरील गिलाव्याला चीर गेली की पाणी थरामागे शिरते आणि आत ओल दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. दुसरी अडचण वाळवीची : ती थर्माकोल खात नाही, पण त्यातून सहज वाट काढते, आणि जमिनीला टेकलेला थर तिला झाकलेला रस्ता पुरवतो. म्हणून जोत्याजवळ थर जमिनीपासून वर थांबवणे व वाळवीविरोधी उपचार करणे अटळ ठरते. घर घट्ट बंद झाल्यावर आतील दमट हवा बाहेर जाण्याची सोय नसेल तर जून-जुलैत कपाटामागे बुरशी धरते. संहितेने उष्ण-दमट प्रदेशासाठी उघडता येणाऱ्या खिडक्यांचे प्रमाण चटईक्षेत्राच्या 16.66 टक्के, म्हणजे इतर सर्व हवामानांपेक्षा अधिक ठेवले आहे, ते याचसाठी. सरकत्या खिडकीचा निम्माच भाग उघडतो. हे प्रमाण मोजताना बाहेर उघडणाऱ्या झडपेला अधिक गुण मिळतात.

थर्माकोलचा मार्ग सर्वांना रुचेल असे नाही, आणि एकमेव मार्ग तो नाहीच. स्वीडनचे वास्तुविशारद अ‍ॅक्सेल एरिक्सन यांनी 1920 च्या दशकात शोधलेले हवाबंद हलके काँक्रीट, म्हणजेच एएसी, हे स्वतःच भिंत आणि स्वतःच रोधक असते. सिमेंट, चुना, अ‍ॅल्युमिनियमची भुकटी आणि औष्णिक वीज केंद्रांची राख यांपासून ते बनते. ते जळत नाही. दक्षिण गुजरातेत राख आणि कारखाने दोन्ही हाताशी आहेत. राजकोट महापालिकेच्या ‘स्मार्ट घर 3’ या 1,176 घरांच्या योजनेत भारत-स्वित्झर्लंड सहकार्यातून अशा ठोकळ्यांच्या भिंती, रोधक थराचे छत, पूर्ण उघडणाऱ्या अंशतः काचेच्या खिडक्या आणि हवा खेळवणारी सामाईक पोकळी यांचा मेळ घातला गेला. उन्हाळ्यातील खोलीचे कमाल तापमान त्यामुळे सुमारे 5 अंशांनी उतरते, असा या योजनेच्या आखणीतील अंदाज होता. ती घरे अल्प उत्पन्न गटासाठी होती, हे विशेष नोंदवावे लागेल. काँक्रीटचा सांगाडा आणि एएसीची भिंत ही जोडगोळी गोव्यातील गवंड्यांनाही परिचित आहे. चिऱ्याच्या जाड भिंतीची सवय असलेल्या डोळ्याला ती हलकी वाटते एवढेच.

ऊर्जा संवर्धन कायद्यात 2022 मध्ये झालेल्या दुरुस्तीने निवासी इमारतीही संहितेच्या कक्षेत आल्या, परंतु मर्यादा 100 किलोवॅट जोडभार किंवा 120 केव्हीए मागणीची आहे. मोठी संकुले तिच्यात येतात. स्वतःच्या जागेत बंगला बांधणारा बाहेर राहतो आणि त्याला नियम नव्हे, वीजबिलच जागे करते. संकुलात सदनिका घेणाऱ्याने बांधकाम व्यावसायिकाकडे पुढील गोष्टी लेखी मागाव्यात : बाहेरच्या भिंतीचे यू-मूल्य, आवरणाचा संहितेनुसार निघालेला आकडा, छतावरील थराची जाडी, आणि रोधक सामग्रीचे अग्निचाचणी प्रमाणपत्र. ओतीव काँक्रीटच्या घरात आणखी एक प्रश्न आधीच विचारावा : वातानुकूलन यंत्राची नळी आणि विजेची बटणे कोठे येणार. ती भिंत एकदा ओतली की नंतर फोडता येत नाही.