बी विंगची फियाट

सोसायटी रजिस्टर झाली त्या वर्षी आपल्या कंपाउंडमध्ये मोजून चार गाड्या होत्या. त्यातली बी विंगच्या काकांची क्रीम रंगाची गाडी कागदोपत्री 'प्रीमियर पद्मिनी', पण सगळ्यांच्या तोंडी फियाटच. मी तेव्हा नववीत. रविवारी सकाळी काकांनी बॉनेट उघडलं की मी खाली हजर!

ही गाडी तशी आपल्या चेंबूरच्या शेजारची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कारखाना कुर्ल्याला, आपल्यापासून दोन स्टेशनांवर. तिथे आधी डॉज, प्लिमथ जोडल्या गेल्या, मग फियाट आली. १९६४ ची 'फियाट ११०० डिलाइट' पुढे 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' झाली. चार सिलिंडर, १०८९ सीसीचं इंजिन आणि गिअर स्टिअरिंगजवळच्या दांड्याला.

प्लगची काजळी तारेच्या ब्रशने घासायची, सीबी पॉइंट पॉलिश पेपरने साफ करायचे, ही माझी कामं. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात ओल धरायची. कोरड्या फडक्याने पुसलं की गाडी सुरू. सगळं डोळ्यांना दिसायचं, हाताला लागायचं, म्हणून शिकता आलं.

एका जुलैत, काका नसताना, मी शहाणपणा केला. प्लगच्या चारही वायरी काढून पुसल्या आणि एक-दोन-तीन-चार अशा ओळीने परत लावल्या. त्याच रात्री पहिल्या मजल्यावरच्या आजींना दम लागला. धो धो पाऊस, रिक्षा मिळेना. आजींना गाडीत बसवलं, काकांनी चावी फिरवली, तर गाडी नुसती फटफट आवाज करी. मी जिन्यात उभा, हातपाय गार.

काकांनी बॉनेट उघडून टॉर्च मारला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वायरी बदलल्या. दोन मिनिटांत गाडी गेटबाहेर. आजी बऱ्या होऊन आठवड्याने घरी आल्या. "ओल धरली होती हो," काकांनी सगळ्यांना सांगितलं.

पुढच्या रविवारी मला हाक आली. "ठिणगी एक-तीन-चार-दोन अशी पडते. लाव." दहा वेळा काढायला लावल्या, दहा वेळा लावायला. मग म्हणाले, "अरे, उघडायला कुणालाही येतं. आपण काय केलंय ते सांगायला शिक."

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. काकांची फियाट त्याच्या कितीतरी आधी भंगारात गेली. आता काकाही नाहीत, आजीही नाहीत. पण आजींच्या घरचे आजही इथेच राहतात. त्यांना या स्मरणिकेतून, पंचवीस वर्षांत प्रथमच, सांगतो: त्या रात्री ओल धरली नव्हती. वायरी मी चुकवल्या होत्या.