व्हीसीआर बंद, रिपर चालू

२१ डिसेंबर १९९९ रोजी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये रिअलनेटवर्क्सने स्ट्रीमबॉक्स या नवख्या कंपनीला कोर्टात खेचलं. वाद स्ट्रीमबॉक्सच्या तीन सॉफ्टवेअरचा होता. स्ट्रीमबॉक्स व्हीसीआर इंटरनेटवर वाजणारा कार्यक्रम संगणकात उतरवून घ्यायचं. रिपर रिअलची फाइल एमपी३ किंवा वेव्हमध्ये बदलून द्यायचं. फेरेट रिअलच्या प्लेयरमध्ये शिरून तिथलं शोधाचं बटण बदलायचं. इंटरनेटवर ऐकलेलं जपून ठेवता येतं का, आणि ठेवलेलं हवं त्या रूपात बदलता येतं का, हे दोन्ही प्रश्न एकाच दाव्यात आले होते.

मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या रॉब ग्लेझर यांनी १९९४ मध्ये रिअलनेटवर्क्स काढली, तेव्हा तिचं नाव प्रोग्रेसिव्ह नेटवर्क्स होतं. एप्रिल १९९५ मध्ये तिने रिअलऑडिओ आणलं. त्या काळी घरोघरी १४.४ किलोबिटचे मोडेम होते. सीडीच्या दर्जाचं तीन मिनिटांचं गाणं त्यावरून उतरवायला जवळपास पाच तास लागले असते. रिअलऑडिओने आवाज इतका दाबून बारीक केला की तो येता येताच वाजू लागला. दर्जा मध्यम लहरींवरच्या रेडिओसारखा, खरखरीत. पण वाट पाहणं संपलं. सप्टेंबर १९९५ मध्ये सिअ‍ॅटल मरिनर्स आणि न्यूयॉर्क यांकीज यांच्या बेसबॉल सामन्याचं धावतं वर्णन असंच इंटरनेटवरून थेट ऐकवलं गेलं.

वाजलेला तुकडा प्लेयर टाकून द्यायचा. ऐकणाऱ्याच्या हाती फाइल उरतच नसे, आणि नेमकी हीच गोष्ट गाण्यांच्या मालकांना आवडली. रिअलने तिच्याभोवती दोन कुलपं घातली. समोरचा प्लेयर आपलाच आहे ना, याची खात्री सर्व्हर एका गुप्त संकेताने करून घ्यायचा. दुसरं कुलूप फाइलमध्येच होतं: कॉपीला परवानगी आहे की नाही, हे सांगणारी एक खूण. स्ट्रीमबॉक्स व्हीसीआर सर्व्हरपुढे रिअलचाच प्लेयर असल्याची बतावणी करायचं आणि ती खूण पाहायचंच नाही.

स्ट्रीमबॉक्सने आधार घेतला तो १९८४ च्या सोनी खटल्याचा. घरात टीव्हीचा कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी टेप करणं न्याय्य आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं होतं. उत्पादनाचं नाव व्हीसीआर ठेवण्यामागेही हाच धागा दिसतो. पण मधल्या काळात, १९९८ मध्ये, डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायदा आला होता. कुलूप तोडणारं साधन विकणं हाच त्यात स्वतंत्र गुन्हा ठरला. जानेवारी २००० मध्ये न्यायालयाने व्हीसीआरवर मनाई हुकूम काढला, फेरेटवरही काढला. रिपरवर मात्र नाही. स्वतःच्या मालकीची फाइल दुसऱ्या स्वरूपात नेणं हा त्याचा रास्त उपयोग न्यायालयाला मान्य झाला.

निकालातला हा भाग सहसा कुणी आठवत नाही, आणि तोच सगळ्यात शहाणपणाचा होता. फाइलचं स्वरूप म्हणजे कुलूप नव्हे, हे त्याने स्पष्ट केलं. तसं ठरलं नसतं, तर एका कंपनीच्या स्वरूपात साठवलेला आवाज त्या कंपनीच्या प्लेयरबरोबरच मेला असता. सप्टेंबर २००० मध्ये दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली.

दरम्यान कुलूपच नसलेला एक रस्ता उघडला होता. विनअ‍ॅम्प हा प्लेयर बनवणाऱ्या नलसॉफ्टने शाउटकास्ट आणलं आणि कुणालाही स्वतःच्या संगणकावरून एमपी३चं रेडिओ केंद्र चालवता येऊ लागलं. त्याची रचना साधी आणि देखणी होती. ऐकणारा प्रोग्राम सर्व्हरला सांगतो, गाण्याचं नावही पाठव. मग सर्व्हर ठरावीक बाइट, उदाहरणार्थ ८१९२, आवाजाचे पाठवतो. त्यामागून चिमूटभर मजकूर येतो, त्यात कलाकार आणि गाणं. मग पुन्हा आवाज. हा मजकूर होता प्लेयरच्या पट्टीवर नाव झळकवण्यासाठी.

स्ट्रीमरिपर या मुक्त सॉफ्टवेअरने त्याचीच कात्री केली. नाव बदललं की गाणं बदललं. पण नाव आणि आवाज नेमके एकाच क्षणी बदलत नाहीत, काही सेकंद मागेपुढे होतात. म्हणून स्ट्रीमरिपर त्या जागेच्या आसपास शांतता शोधतं आणि तिथे कापतं. एकमेकांत मिसळत जाणारी गाणी असली की हा हिशेब चुकतो आणि पुढच्या गाण्याची सुरुवात मागच्याला चिकटते. अर्धवट गाणी वेगळ्या फोल्डरमध्ये पडतात. मधूनच जोडणी झाल्यामुळे पहिलं गाणं हमखास तिथे जातं. कापताना आवाज पुन्हा दाबला जात नाही, जसा आला तसाच फाइलमध्ये बसतो, म्हणून दर्जा घटत नाही. १२८ किलोबिटच्या केंद्राचा एक तास सुमारे ५८ एमबीत मावतो. रात्रभर चालवलं की सकाळी नाव लावलेल्या गाण्यांचा साठा तयार. अनेक हौशी केंद्रांनी स्वतःचं काही जपून ठेवलं नाही. त्यांचे कार्यक्रम उरले असतील तर अशाच श्रोत्यांच्या डिस्कवर.

मॅकवर २००२ मध्ये आलेल्या ऑडिओ हायजॅकची वाट याहून सोपी होती. सर्व्हरशी बोलायचंच नाही; प्लेयरमधून उलगडून बाहेर पडणारा आवाज स्पीकरकडे जाता जाता टिपायचा. जे कानाला ऐकू जातं ते नोंदवता येतंच, त्याला कुठलंही कुलूप पुरं पडत नाही.

रिअललाही हे उमगलं असावं. २००७ च्या रिअलप्लेयर ११ मध्ये वेबवरचे व्हिडिओ उतरवून घेण्याचं बटण कंपनीने स्वतःच दिलं. पुढच्या वर्षी डीव्हीडीची प्रत काढणारं रिअलडीव्हीडी आणलं, आणि हॉलिवूडच्या स्टुडिओंनी रिअलवर दावा लावला. कायदा तोच, १९९८ चा. ऑगस्ट २००९ मध्ये मनाई हुकूम निघाला, आणि मार्च २०१० मध्ये ४५ लाख डॉलर देऊन रिअलने माघार घेतली.

भारताने २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात ६५ अ हे कलम घातलं. त्यातही कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. ऐकणाऱ्याने ते कशासाठी केलं हे विचारणारी ही अट अमेरिकी कायद्यापेक्षा अधिक न्याय्य आहे.

अमेरिकेत ऑक्टोबर २०२० मध्ये ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने त्याच जुन्या कायद्यावर बोट ठेवून यूट्यूबवरचे व्हिडिओ उतरवून घेणारं यूट्यूब-डीएल हे सॉफ्टवेअर गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरून काढायला लावलं. नोव्हेंबरमध्ये गिटहबने ते परत ठेवलं आणि अशा नोटिशांना तोंड देणाऱ्या प्रोग्रामरांसाठी दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. यूट्यूब-डीएलमधून वगळल्या गेल्या त्या चाचणीसाठी वापरलेल्या काही गाण्यांच्या लिंक.