‘यमुनापर्यटन’ : लेखन, प्रकाशन आणि धर्मचिंतन

बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ हे पुस्तक १८५७ साली मुंबईत प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी म्हणून वाङ्मयेतिहासात त्याचा उल्लेख नियमाने होतो. परंतु त्यानंतरची चर्चा बहुधा ही कादंबरी आहे की धर्मप्रसाराची पुस्तिका आहे, या एकाच प्रश्नापाशी थांबते. प्रश्न रास्त असला तरी त्याची मांडणी अपुरी आहे. लेखकाने कथेचा आश्रय का केला, ते पुस्तक कोणत्या व्यवस्थेतून वाचकांपर्यंत गेले आणि त्यातील धर्मचिंतनाचे कथेशी नाते काय, या तीन गोष्टी एकत्र पाहिल्याखेरीज त्याचे उत्तर मिळण्यासारखे नाही.

पदमनजींचा जन्म १८३१ साली बेळगाव येथे एका कासार कुटुंबात झाला. बेळगावातील मिशनच्या शाळेत आणि पुढे मुंबईस त्यांचे शिक्षण झाले. जातिभेद न मानणाऱ्या परमहंस सभेत ते काही काळ होते. या सभेचे कार्य गुप्तपणे चाले. सभासद सभेत एक बोलत आणि घरी जुन्या रीतीने वागत. पदमनजींनी सभा सोडली आणि १८५४ साली बेळगाव येथे ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. मनात एक व आचरणात दुसरे, ही स्थिती त्यांना असह्य झाली होती, असे त्यांच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रावरून दिसते. ‘यमुनापर्यटना’च्या उगमाशी हाच अनुभव आहे. कादंबरीतील यमुनाही प्रारंभी मनाने ख्रिस्ती, पण जगाच्या दृष्टीने हिंदू घरातील सून आहे. तिच्या कथेचा खरा पेच श्रद्धा कोणती हा नसून ती उघडपणे केव्हा व कशी स्वीकारावयाची, हा आहे.

स्त्रियांच्या प्रश्नावर पदमनजींनी यापूर्वीच लेखन केले होते. त्यांचा ‘स्त्रीविद्याभ्यासनिबंध’ १८५२ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा निबंधाचे साधन हाताशी असता त्यांनी कथा का लिहिली? याचे एक उत्तर १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यात सापडते. या कायद्याने हिंदू विधवेचा पुनर्विवाह कायदेशीर ठरविला; मात्र पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क त्याच कायद्याने काढून घेतला. युक्तिवादाने जे मिळवावयाचे ते अशा रीतीने कागदावर मिळाले होते. परंतु ज्या घरात केशवपनासाठी न्हावी बोलावला जात होता, त्या घरात कायद्याचा कागद पोचत नव्हता. निबंध विधवांविषयी बोलू शकतो. एका विधवेला बोलते करण्यास कथाच हवी. कायदा झाल्यानंतर लगेच ही कादंबरी अवतरावी, यात अशी संगती दिसते.

कथेचा सांगाडा साधा आहे. यमुना व तिचा पती विनायक प्रवासास निघतात. वाटेत ठिकठिकाणी त्यांना विधवा भेटतात आणि प्रत्येकीची हकीकत ते ऐकतात. पुढे विनायकाचा अपघाती मृत्यू होऊन, इतरांची दुःखे ऐकणारी यमुना स्वतःच वैधव्याच्या यातनांत सापडते. शेवटी ती ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि एका ख्रिस्ती गृहस्थाशी पुनर्विवाह करते.

प्रवासाच्या धाग्यात प्रसंग ओवण्याच्या या रचनेमागे दोन परंपरा उभ्या आहेत. जॉन बन्यन यांच्या १६७८ सालच्या प्रसिद्ध रूपककथेचे हरि केशवजी यांनी केलेले भाषांतर ‘यात्रिकक्रमण’ या नावाने १८४१ साली निघाले होते. दुसरी परंपरा घरचीच, तीर्थयात्रेची. पदमनजींनी या दोहोंना वेगळे वळण दिले. बन्यन यांचा यात्रेकरू ज्या वाटेने जातो ती वाट रूपकातील आहे; यमुनेची वाट महाराष्ट्राच्या जमिनीवरील आहे. तीर्थयात्री देवाच्या दर्शनास जातो. यमुनेला वाटेत दर्शन होते ते सोवळ्या स्त्रियांचे. यात्रेचे पुण्य कशात आहे, हा प्रश्न उपदेशाविना केवळ रचनेतूनच येथे उभा राहतो.

पुस्तकातील उघड धर्मचिंतनाविषयी असे म्हणता येणार नाही. संवादांतून येणाऱ्या उपदेशात उत्तर आधीच ठरलेले असते, त्यामुळे प्रश्न विचारणारे पात्र निष्प्राण होते. हा दोष मान्य केला पाहिजे. परंतु वाटेत भेटलेल्या विधवांच्या हकीकतींना तो बाधत नाही. त्यांतील दुःखाला ग्रंथात तोड निघत नाही, ते ऐकले जाते एवढेच. जेथे लेखक शिकवितो तेथे पुस्तिका दिसते, जेथे तो ऐकतो तेथे कादंबरी दिसते. दोन्ही एकाच पुस्तकात आहेत, आणि एकीला दुसरीपासून तोडता येत नाही. कारण ऐकण्याची निकड लेखकाला त्याच्या श्रद्धेनेच दिली होती.

प्रकाशनाची बाजूही विचारात घेतली पाहिजे. त्या काळी मुंबईतील देवनागरी मुद्रणात मिशनऱ्यांचा वाटा मोठा होता. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरी खिळ्यांत सुधारणा केली आणि पुढे १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी यांनीही तेथेच उमेदवारी केली. कादंबरी विकत घेऊन वाचणारा वर्ग मात्र अद्याप घडावयाचा होता. अशा वेळी धर्मकार्याच्या व्यवस्थेने लेखकाला वाचक मिळवून दिला, पण त्या वाचकवर्गाभोवती कुंपणही घातले. शेवटी धर्मांतर करणारी नायिका सुशिक्षित हिंदू वाचकाला आपली वाटणे कठीण होते. बंगालीत १८५२ साली हॅना कॅथरिन मलेन्स यांनी लिहिलेल्या ख्रिस्ती कथेचे स्थानही असेच वादग्रस्त राहिले आहे.

परिणामी मराठी कादंबरी या वाटेने पुढे गेली नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली व नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली निघाली. अद्भुतरम्य कथानकांचा हा मार्गच लोकप्रिय झाला. ‘विविधज्ञानविस्तारा’तून १८७१ पासून आलेल्या रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगडा’ने ऐतिहासिक कादंबरीचा पाया घातला. विधवेचे घर कादंबरीत पुन्हा ठळकपणे आले ते हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ मध्ये. १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ पत्रातून ती क्रमशः प्रसिद्ध झाली आणि धर्मसंस्थेऐवजी साप्ताहिकाच्या वर्गणीदारांपर्यंत थेट पोचली. तिच्या नायिकेचे नावही यमुनाच आहे. यावरून एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असे अनुमान काढणे योग्य नव्हे. परंतु दोन्ही यमुनांच्या वाट्याला आलेला फरक बोलका आहे. पहिलीला सुटका मिळते, पण त्यासाठी तिला आपला समाज सोडावा लागतो. दुसरी समाजात राहते आणि सुटकेवाचून संपते. आपटे यांनी आपली कथा यमूच्याच तोंडून वदविली, म्हणून जे ऐकण्यासाठी पदमनजींच्या यमुनेला गावोगाव फिरावे लागले ते येथे घरातल्या घरातच ऐकू आले.

पदमनजी १९०६ साली निवर्तले. दीप्रा दांडेकर यांनी केलेले ‘यमुनापर्यटना’चे इंग्रजी भाषांतर २०२२ साली प्रसिद्ध झाल्याने या पुस्तकाकडे पुन्हा अभ्यासकांचे लक्ष वेधले आहे. त्याचे मूल्यमापन करताना धर्मप्रसार वजा करून कादंबरी शोधण्याची पद्धत सोडून द्यावी, हे इष्ट होय. लेखकाच्या श्रद्धेने या पुस्तकातील संवाद दुबळे केले हे जितके खरे, तितकेच हेही खरे, की १८५७ साली विधवेच्या दाराशी थांबून तिचे बोलणे संपेपर्यंत ऐकण्याचा धीर मराठी कथेला त्याच श्रद्धेने दिला.