भिवंडीचं मीटर आणि छतावरचं ऊन

आजचा विषय ऐकायला अगदी ताजा वाटेल. घराच्या छतावर सौर पॅनेल आणि त्या विजेवर दारातली इलेक्ट्रिक गाडी. पण भिवंडीत या गोष्टीची सुरुवात पॅनेलपासून करून चालत नाही, मीटरपासून करावी लागते.

उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, हातमागाचे झालेले यंत्रमाग, हे सगळं आपल्याला माहीत आहे. माग विजेवर आला आणि गावाचं पोट विजेवर आलं. 2006 च्या सुमाराला त्या विजेची अवस्था काय होती? भिवंडीत दिलेल्या विजेपैकी गळती, चोरी आणि थकबाकी मिळून सुमारे 58 टक्क्यांचे पैसे वसूलच होत नव्हते. वर तासन्‌तास भारनियमन. मग महावितरणने इथलं वितरण फ्रँचायझीला दिलं आणि 26 जानेवारी 2007 पासून टोरंट पॉवर काम पाहू लागली. देशातला असा हा पहिला मोठा प्रयोग. जाळं महावितरणचं, दर वीज नियामक आयोगाने ठरवलेले, चालवणारी कंपनी खाजगी. काही वर्षांत तोटा विशीच्या आसपास आला. पण हे गोडीगुलाबीने झालं असं कुणी समजू नये. नवी मीटरं पळतात म्हणून तक्रारी झाल्या, मोर्चे निघाले. आकडे सुधारले तरी मीटरवरचा विश्वास त्याच वेगाने वाढतो असं नाही.

आता याचा सौरगाडीशी काय संबंध? बघा, घरावर बसतात ती बहुतेक पॅनेलं बॅटरीशिवायची, जाळ्याला जोडलेली असतात. बाहेरची वीज गेली की त्यांचा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला धक्का बसू नये म्हणून ती सोय असते. म्हणजे भारनियमनाच्या भिवंडीत कुणी हौसेने असं पॅनेल बसवलं असतं, तर भर दुपारच्या उन्हातही ते थंड पडून राहिलं असतं. आधी तारेतली वीज टिकायला हवी होती, मग छतावरचं ऊन उपयोगाचं.

कायद्याची वाट 2015 साली मोकळी झाली. राज्याच्या वीज नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे नियम केले. मीटर दोन्ही बाजूंनी मोजू लागलं: घरातून बाहेर किती गेली, बाहेरून घरात किती आली. हिशेब तसा सोपा आहे. तीन किलोवॅटच्या पॅनेलला साधारण 300 चौरस फूट मोकळं छत लागतं आणि चांगल्या उन्हात दिवसाला बारा-एक युनिटं मिळतात. लहान गाडी एका युनिटला सहा-सात किलोमीटर चालते. महिन्याला हजार किलोमीटर फिरलं तर दीडशे युनिटं. म्हणजे गाडी भागवून घरालाही उरतं.

पण गाडी दिवसा दारात असते का? नाही. ती रात्री येते आणि पंधरा अँपियरच्या प्लगला लागते. दुपारी पॅनेलची वीज कुठे जाते? शेजारच्या गल्लीतल्या मागावर. रात्री गाडीत जाते ती बहुतांशी कोळशाची. आपण जिला ‘सूर्यावरची गाडी’ म्हणतो, ती खरं म्हणजे वहीतली देवाणघेवाण आहे. आम्हाला त्यात कमीपणा वाटत नाही. गाव उधारीवरच चालतं. मात्र वही नीट ठेवली गेली पाहिजे.

या वहीची एक गंमत सांगतो. शिल्लक युनिटं पुढच्या महिन्यात जातात आणि आर्थिक वर्ष संपलं की उरलेल्यांचा हिशेब ठरलेल्या दराने चुकता होतो. वर्ष एप्रिलला सुरू होतं. म्हणजे एप्रिल-मेचं कडक ऊन जमा करून जून-जुलैच्या ढगांत वापरायचं. आगोटीची बेगमीच ही! 2025 च्या सुरुवातीला मात्र वादाचा मुद्दा आला की दिवसाची युनिटं रात्रीच्या वापरात वळती करू द्यावीत की नाही. रात्री गाडी लावणाऱ्याच्या दृष्टीने सगळा व्यवहार या एका प्रश्नावर उभा आहे.

फेब्रुवारी 2024 पासून पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. पण अनुदानाआधी छत हवं. शांतीनगर, गैबीनगरच्या गल्ल्यांत खाली माग, वर खोली, डोक्यावर पत्रा. छत मालकाचं, राहणारा भाडेकरू, आणि गाडी उभी करायला जागा नाही. त्याच वेळी मानकोली-अंजूरफाट्याकडच्या गोदामांवर एकरच्या एकर पत्रा उन्हात तापतो आहे. माल पोचवायच्या इलेक्ट्रिक तीनचाकीसाठी याहून सोयीची जागा नाही, कारण ती दिवसाच तिथे माल भरायला उभी राहते. भिवंडीत ऊन थेट चाकात जायचं असेल तर ते आधी त्या पत्र्यांखाली जाईल असं आम्हाला वाटतं, बंगल्याच्या दारात नंतर.